आमचं लॉन आणि बाबांची अट

ऑफिसात माझी ओळख आता ‘लॉनवाला’ अशी झाली आहे. पंधरा वर्षं हिंजवडीत कोड लिहितोय, त्यातलं कुणाला काही आठवत नाही. सोमवारी चहाच्या मशीनपाशी गेलो की कुणीतरी विचारतंच, "काय, लॉन काय म्हणतंय?" मग मी सांगत बसतो, ते हसत बसतात आणि माझा चहा गार होतो. धायरीतल्या आमच्या रो-हाउसपुढचं हे लॉन मोजून वीस फूट बाय पंधरा. त्यात गवत उगवलं त्यापेक्षा किस्से जास्त उगवले. गवताला रोग लागला, किश्श्यांना लागला नाही, एवढाच काय तो फरक!

तेव्हा आज सगळे ओळीनं सांगून टाकतो. सोमवारचा चहा तरी गरम प्यायला मिळेल.

*

सुरुवात अटीपासून करायला हवी.

माझे बाबा सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. वय एकोणऐंशी. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. बिल्डिंगला लिफ्ट नाही. पायऱ्या चौपन्न. हा आकडा बाबांचाच, ते रोज मोजत. आई गेल्यापासून मी त्यांच्या मागे लागलो होतो की धायरीला राहायला या, पण ते विषयच बदलायचे. यंदा जूनमध्ये जिन्यात त्यांना चक्कर आली आणि ते तेविसाव्या पायरीवर अर्धा तास बसून राहिले. हे मला खालच्या मजल्यावरच्यांनी फोन करून सांगितलं. मी घाबराघुबरा होऊन विचारलं, तर बाबा म्हणाले, "बसलो होतो. बसायला परवानगी काढावी लागते का?"

त्या रविवारी त्यांना जेवायला घरी आणलं. लॉन नुकतंच घातलं होतं, अगदी पोपटी दिसत होतं. मी मोठ्या हौसेनं दाखवलं. बाबांनी चष्मा पुसला, नीट बघितलं आणि विचारलं, "हे खायचं कुणी?"

मी म्हणालो, खायचं नाही बाबा, नुसतं बघायचं.

"मग भिंतीला हिरवा रंग द्यायचास. पाणी तरी लागलं नसतं."

माझी बायको मृणाल माझ्यापेक्षा धीट आहे. तिनं सरळ विषयाला हात घातला, की बाबा, आता इथंच राहायला या. बाबांनी पुन्हा त्या गवताकडे बघितलं. मग म्हणाले, "आधी हे गवत जगवून दाखवा. दिवाळीला हिरवं असलं, तर माझं बघू. ज्यांना गवत सांभाळता येत नाही, त्यांच्या हवाली मी कशाला होऊ?"

झालं! म्हणजे बाबा घरी येणार की नाही, हे आता तीनशे चौरस फूट गवतावर ठरणार होतं. मला त्या तेविसाव्या पायरीची स्वप्नं पडत होती, म्हणून मी हो म्हणालो. बाबा दर रविवारी तपासायला येतील असंही ठरलं. परीक्षा म्हटली की ती तपासणारा आलाच.

*

ऑगस्टमध्ये लॉनवर पहिला डाग पडला. गोल, तपकिरी, वाटीएवढा. आठवड्याभरात तसे चार झाले.

संशय अर्थातच लाडूवर गेला. लाडू म्हणजे शेजारच्या मोघेकाकूंचा कुत्रा. तो आमच्या गेटाखालून येतो, लॉनवर एक फेरी मारतो आणि आपलं काम उरकून जातो. मी काकूंना सौम्य शब्दांत सांगितलं की लाडूमुळे आमचं गवत जळतंय. दुसऱ्या दिवशी लाडूला घेऊन त्या कोल्हापूरला भाचीच्या लग्नाला गेल्या. आठ दिवस मुक्काम. त्या आठ दिवसांत डाग चाराचे सात झाले.

परत आल्यावर काकूंनी गेटातूनच डाग मोजले. रविवार होता, बाबा व्हरांड्यात बसले होते. काकू म्हणाल्या, "माझी माफी नको. ज्याच्यावर आळ घेतला त्याची मागा."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, वडील म्हणून काहीतरी मध्ये पडतील. बाबा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

तेव्हा मी, कंपनीत चौदा माणसांचा टीम लीड, एका कुत्र्यापुढे उकिडवा बसलो आणि "सॉरी लाडू" म्हणालो. लाडूनं ऐकून घेतलं आणि नंतर लॉनवर जाऊन आपलं काम केलं. आता त्याला बोलायची सोय राहिली नव्हती.

*

मग मी युसूफभाईंना बोलावलं. मेन रोडला त्यांची नर्सरी आहे. आजोबांपासून त्यांच्या घरात झाडांचाच धंदा. साठीचा माणूस, बोलणं कमी, आणि झाडाला हात लावला की झाडच बोलतंय असं वाटावं इतकी जाण.

सकाळी लवकर येऊन ते डागाशी बसले. गवताच्या पात्यांची मूठ धरून ओढली, तर ती अलगद हातात आली, बुडाशी कुजलेली. डागाच्या कडेला दवामध्ये पांढरं जाळं दिसत होतं, अगदी बारीक, पिंजलेल्या कापसासारखं. उन्हं वर आली की ते दिसेनासं होतं, म्हणून आम्हाला कधी दिसलंच नव्हतं. युसूफभाई म्हणाले, ही बुरशी आहे, औषधानं आटोक्यात येईल, पण पान रात्रभर ओलं राहिलं तर कुठलंच औषध चालायचं नाही. पाणी कधी घालता?

मी छातीठोकपणे सांगितलं, सकाळीच. आणि ते खरंही होतं. मृणाल सात वाजता घालायची, मी कधी बघितलं नाही, पण घालायची.

"मग पान ओलं कशानं राहतंय?" असं म्हणत ते उठले, आणि तेवढ्यात रिक्षातून बाबा उतरले. युसूफभाई त्यांना बघून जागच्या जागी ताठ झाले. हातातलं गवत त्यांनी पाठीमागे लपवलं. "सर!"

बाबांनी त्यांना दोन क्षण निरखलं. "युसूफ ना तू? खिडकीजवळचा बाक. एकोणीस सक्कं?"

"एकशे चौदा, सर."

"वेळ लागला," बाबा म्हणाले आणि आत गेले.

पंचेचाळीसेक वर्षांनी शिक्षक भेटले तर माणूस पाया पडतो, जुन्या आठवणी काढतो. युसूफभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर रविवारी येतात हे आधी सांगायचं होतं. मी शनिवारी आलो असतो."

*

औषधाआधी मृणालला घरगुती उपाय करून बघायचा होता. तिच्या माहेरी शेती आहे. तिथं आंबट ताक तांब्याच्या भांड्यात आठ-दहा दिवस ठेवतात. ते हिरवं-निळं पडलं की पाण्यात मिसळून पिकावर फवारतात, बुरशी जाते. आमच्याकडे आईचा मोठा तांब्याचा हंडा होता. तो ताकानं भरून व्हरांड्यात ठेवला.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. पाचव्या दिवशी कुरियरवाला पार्सल गेटावर टाकून पळाला. सातव्या दिवशी मोघेकाकूंनी विचारलं की तुमच्याकडे कुणी आजारी आहे का. सगळ्यात मोठी भीती, कुणी पाहुणा ताक समजून प्यायला तर? तांब्यातलं ते ताक म्हणजे विषच. मृणालनं हंड्यावर जाड फळी ठेवली, वर वीट ठेवली आणि मला चिठ्ठी लावायला सांगितलं. मी ‘पिऊ नये’ असं लिहून चिकटवलं.

रविवारी बाबांनी ती वाचली. म्हणाले, यात काय पिऊ नये ते लिहिलेलं नाही, कुणी पिऊ नये तेही नाही, हे अपुरं आहे. त्यांनी कागद मागवला, पट्टी मागवली, समास आखला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘हे ताक विषारी असून गवतासाठी आहे. पाहुण्यांनी आशा ठेवू नये.’

ताक फवारलं. चार दिवस डाग थांबले, आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. मंगळवारी पुन्हा वाढले. पाटी मात्र अजून शाबूत आहे, मृणालनं ती फ्रिजवर लावली आहे.

*

शेवटी युसूफभाईंनी बुरशीनाशकाची पुडी दिली आणि बजावून सांगितलं की हातमोजे, मास्क, चष्मा घातल्याशिवाय फवारायचं नाही, आणि फवारल्यावर दोन दिवस पाणी घालायचं नाही. मी शनिवार ठरवला. रेनकोट, स्विमिंगचा गॉगल, तोंडाला मास्क, पाठीला पंप. नेमका तेव्हाच ऑफिसातून कॉल आला, पाच मिनिटांचं काम आहे म्हणून. मी फोन कुंडीला टेकवून घेतला. कॅमेरा चालू आहे हे मला कळलं नाही.

पाच मिनिटांनी आमच्या बंगळुरूच्या मॅनेजरनं अतिशय हळुवार आवाजात विचारलं, "नितीन, इज एव्हरीवन सेफ?"

तेव्हापासून मी लॉनवाला!

तर ती फवारणी शनिवारी झाली. आणि मंगळवारी डाग पुन्हा वाढले. पुढच्या शनिवारी परत फवारलं, मंगळवारी परत तेच. दिवाळी दोन महिन्यांवर आली होती. पेठेतून बाबांच्या शेजाऱ्यांचा पुन्हा फोन आला होता, की रविवार सोडला तर सर हल्ली दुधाची पिशवी घ्यायलाही खाली येत नाहीत. मला रात्री झोप लागेना.

*

मी इंजिनिअर माणूस. म्हटलं, डेटा काढू. एक्सेल शीट केली. डाग मोजायला पट्टी धरायला गेलो तर डाग वेडेवाकडे, म्हणून मृणालनं भांडी दिली. वाटी, बशी, ताटली, परात. रोज सकाळी भांडं डागावर पालथं घालून बघायचं कुठलं बसतं ते. शीटमध्ये मी गंभीरपणे लिहीत होतो, ‘गेटाजवळचा डाग, सोमवार, वाटी. मंगळवार, बशी. बुधवार, ताटली.’ रस्त्यावरून जाणारे लोक बघत असत की हा माणूस रोज गवताला कसला नैवेद्य दाखवतो.

तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या आणि चित्र स्वच्छ दिसलं. गुरुवार ते रविवार डाग थांबलेले. सोमवारी सुरुवात, मंगळवारी उसळी. म्हणजे जे काही होत होतं ते रविवारी होत होतं.

रविवारी आमच्याकडे काय होतं? बाबा येतात.

त्या रविवारी बाबांनी नेहमीप्रमाणे सहाच्या सुमाराला चहा घेतला आणि म्हणाले, रिक्षा येईपर्यंत बाहेर पाय मोकळे करतो. मी एरवी टीव्हीसमोरून उठत नाही. त्या दिवशी खिडकीत जाऊन उभा राहिलो. बाबांनी इकडेतिकडे बघितलं, धोतराचा सोगा खोचला, नळाला पाइप लावला आणि लॉनला पाणी द्यायला लागले. थोडंथोडकं नाही, पार चिखल होईस्तोवर. माझं शनिवारचं औषध मातीत चाललं होतं. आणि पाइप धरून बाबा गवताशी बोलत होते. मी कान दिला.

"पी बाबा, पी. ही माणसं काही देणार नाहीत. दिवाळीपर्यंत कसंही करून तग धर."

मला आधी राग आला. मग एकदम गलबलून आलं. हा माणूस स्वतःच घातलेल्या अटीत आम्हाला चोरून पास करायला बघत होता. त्यांनाही यायचंच होतं! फक्त त्या पाण्यानंच आम्ही नापास होत होतो.

मृणालला सांगितलं, आणि आम्ही दोघं हिशोब मांडत बसलो. म्हणजे बाबा आले की गवत मरणार, आणि गवत मेलं की बाबा येणार नाहीत. या गणिताला उत्तर कुठलं?

*

सांगायचं कुणी, हा पुढचा प्रश्न. आयुष्यभर लोकांच्या चुका लाल शाईनं काढलेल्या माणसाला ‘तुमचं चुकलं’ असं म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नाही. मृणाल म्हणाली, तुझे वडील, तू सांग. मी म्हणालो, तुझं ऐकतात, तू सांग. मग आम्ही दोघांनी मिळून पाइप माळ्यावर टाकला.

पुढच्या रविवारी बाबांनी बादलीनं पाणी घातलं. त्यांना वाकवत नाही म्हणून लाडूला घेऊन उभ्या असलेल्या मोघेकाकूंनी बादल्या भरून दिल्या. आम्ही बाहेरचा नळ बंद केला, तर त्याच्या पुढच्या रविवारी बाबा आतून पाण्याचा जग घेऊन तीन वेळा बाहेर गेले. मृणालनं विचारलं, तहान लागते का खूप? बाबा म्हणाले, "वयानुसार."

शेवटी मी युसूफभाईंना गळ घातली. त्यांनी कानाला हात लावला. "सरांची चूक मी काढू? मला अजून त्यांनी बाकावर उभं केलेलं आठवतं." पण बाबांची चक्कर, जिना, सगळं ऐकल्यावर म्हणाले, बघतो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून. बाबांसमोर बसले, पण खुर्चीच्या कडेवर. म्हणाले, सर, लॉनचं म्हणाल तर औषधापेक्षा माणूस पाहिजे. पहाटे उजाडताना गवतावरचं दव झाडायचं, लांब दोरी घेऊन गवतावरून ओढत न्यायची, म्हणजे पान कोरडं होतं. त्यानंतरच पाणी, आणि तेही बुडाशी. हे रोज करायचं. यांच्याकडे कुणी सातच्या आत उठत नाही, म्हणून अडलंय.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि संध्याकाळी पाणी घातलं तर?"

युसूफभाईंच्या कपाळावर घाम दिसला. "सर, पान रात्रभर ओलं राहतं. बुरशीला तेच पाहिजे असतं."

बाबा खिडकीतून लॉनकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली. "अठ्ठावीस साता?"

"एकशे शहाण्णव."

"बरोबर," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी ते लॉनवर गेले नाहीत. रिक्षा आली तसे निघून गेले. दिवाळीत फराळाला या म्हटलं, तर बरं वाटत नाही म्हणाले. मी डबा घेऊन गेलो, तर दारातच घेतला. नंतरचे दोन रविवार आलेच नाहीत. लॉनवर अकरा डाग होते, परातीएवढे. अट हरलो होतोच, वर बाबांना दुखावलं होतं. मी मृणालला म्हणालो, गवत उपटून फरश्या घालू.

*

आता शेवटचा.

त्यानंतरचा गुरुवार. पहाटे मला बाहेरून सर्र सर्र असा आवाज आला. वाटलं, लाडू. अंधुक उजाडलं होतं. दार उघडलं तर लॉनवर बाबा. डोक्याला मफलर, पायांत माझ्या स्लीपर. कपडे वाळत घालायची आमची दोरी त्यांनी एका टोकाला गेटाला बांधली होती आणि दुसरं टोक धरून ते गवतावरून हळूहळू चालले होते. दोरीखालून दव उडत होतं. चाललेल्या भागातलं गवत गडद दिसत होतं, राहिलेलं पांढुरकं. व्हरांड्यात आईच्या हंड्याशेजारी एक जुनी सुटकेस आणि एक कापडी पिशवी होती.

मी विचारलं, बाबा, एवढ्या पहाटे कसे आलात?

"स्वारगेटहून पहिली बस असते. तुला माहीत असण्याचा प्रश्न नाही."

मी म्हणालो, बाबा, लॉन गेलं. अकरा डाग आहेत. आम्ही हरलो.

"दिसतंय मला," बाबा म्हणाले. "गवत तुमच्याच्यानं जगत नाही, हे सिद्ध झालं. ते टोक सोड गेटाचं आणि धर नीट. ताणून."

मी गेटाची गाठ सोडली आणि टोक धरलं. आम्ही दोघं दोन बाजूंनी चालत राहिलो, एकोणऐंशीचा माणूस आणि त्याचा पंचेचाळिशीचा मुलगा, मध्ये दोरी. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेल्यावर बाबांनी दोरी गुंडाळून नीट माझ्या हातात दिली आणि मृणालला चहा टाकायला सांगितलं. तोवर मी पिशवी आत नेली. जड लागली म्हणून उघडून बघितली. वर औषधाचा डबा, त्याखाली पंचांग, त्याखाली आईचा फोटो टॉवेलमध्ये गुंडाळलेला. सगळ्यात तळाशी वर्तमानपत्रात बांधलेली पितळी पाटी होती, सदाशिव पेठेतल्या दारावरची. चारही स्क्रू वेगळ्या पुडीत, मोजून.

बाबा मागून आत आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "नुसता बघत काय उभा राहिलास? स्क्रू-ड्रायव्हर कुठं ठेवता तुम्ही लोक?"